वाटा जोडणीच्या – भाग ५ : पंचायतीपर्यंत आलेली तार

गेल्या आठवड्यात आपण मोबाइल टॉवरचं गणित पाहिलं. मध्ये डोंगर आला की रेंज जाते आणि चाळीस घरांच्या पाड्यासाठी टॉवर उभा करणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. कंपनीला परवडत नसेल तिथे सरकारने उतरायचं, हे ओघानेच आलं. सरकार उतरलंही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काम दोनेक वर्षांत उरकायचं होतं. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख पंचायती गाठायलाच २०१७ चा डिसेंबर उजाडला.

पैसा नव्हता म्हणून उशीर झाला, असं म्हणता येत नाही. टेलिकॉम कंपन्या आपल्या समायोजित महसुलातले पाच टक्के यासाठीच भरतात. म्हणजे तुमच्या-माझ्या मोबाइल बिलातलाच हा पैसा. त्याचा जो निधी होतो त्याला पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. माझ्या मते चूक झाली ती मोजमापात. किती किलोमीटर केबल पडली, किती पंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ झाल्या, हे वर्षानुवर्षं मोजलं गेलं. किती घरांत नेट आलं आणि वर्षातले किती दिवस ते चाललं, ही विचारणा फार उशिरा सुरू झाली.

तार गावात येते कशी, ते आधी बघू. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र असतं. तिथून निघालेला प्रकाश काचेच्या बारीक तंतूतून धावतो, वाटेत स्प्लिटरमध्ये विभागला जातो आणि वीसेक किलोमीटरच्या टप्प्यातल्या पंचायत कार्यालयांमधल्या ओएनटीच्या डब्यांत पोचतो. मधल्या वाटेवर कुठेही वीज लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. वीज लागते ती दोन टोकांना. पंचायतीच्या टोकाला पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस नसते, म्हणून डब्यासोबत बॅटरी दिली जाते. काही वर्षांनी ती बॅटरी मान टाकते. मग नवी कोणी आणायची? डबा ज्यांनी बसवला ते निघून गेलेले असतात आणि पंचायतीच्या खर्चात त्यासाठी रकाना नसतो. डबा कपाटात जातो. सरकारी नोंदीत गाव जोडलेलंच राहतं.

पहिल्या टप्प्यात खर्च वाचवायला बराचसा मार्ग बीएसएनएलच्या आधीच पुरलेल्या केबलचा घेतला आणि पंचायतीपर्यंतचा उरलेला तुकडा तेवढा नवा टाकला. कागदावर यात चुकीचं काहीच नव्हतं. पण जुन्या केबलला आधीच जोडावर जोड होते आणि प्रत्येक जोडात थोडा प्रकाश वाया जातो. नवा तुकडा कितीही चोख असला तरी जुन्याचं दुखणं त्याच्या वाट्याला येतंच.

त्यात खोदाई. केबल १६५ सेंटीमीटर खोल पुरायची असा दंडक आहे. काळ्या मातीत ते जमतं, सातपुड्याच्या कातळात खोली घटत जाते. आणि ज्या रस्त्याच्या कडेने केबल गेली, त्याच कडेने पुढे जलजीवन मिशनची पाइपलाइन आली, कुठे रस्त्याचं रुंदीकरण आलं. जेसीबीच्या एका फटक्यात पाच-सहा गावं बंद पडतात. अशा बेतालपणे केलेल्या खोदाईने देशाचं दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज आहे. खोदण्याआधी कळवता यावं म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप निघालं. जेसीबी चालवणाऱ्यापर्यंत ते पोचवणं हे मात्र तालुक्याच्या पातळीवरचं काम आहे.

तुटलेली केबल जोडताना एकदा जवळून पाहावी. तंत्रज्ञ आधी एक्स्चेंजमध्ये ओटीडीआर लावतो. हे यंत्र प्रकाशाचा झोत सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून तूट किती अंतरावर आहे ते सांगतं. समजा, आकडा आला ७.३ किलोमीटर. पण हे अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नव्हे. जागोजागी चेंबरमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात, त्यांचा हिशेब मनात धरून तो नेमकी जागा शोधत निघतो. खड्डा उकरून केबल वर काढतो, वरचं आवरण सोलतो, आतली चिकट जेली पुसतो. मग निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे रंगीत तंतू सुटे होतात. प्रत्येक तंतू स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरवर सरळ कापायचा आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरच्या तंतूशी भिडवायचा. छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं मोठी होऊन दिसतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. धुळीचा एक कण आला तर जोड वाया. चोवीस तंतूंची केबल असेल तर हेच चोवीस वेळा, भर पावसात, जीपच्या मागच्या भागात ताडपत्री बांधून. इतकं नाजूक काम करणारा माणूस बहुधा कंत्राटदाराकडचा असतो आणि जोडणी टिकवण्याच्या साऱ्या व्यवहारात सर्वांत कमी मोल त्यालाच मिळतं, याची मला मनापासून चीड येते.

पाच-सहा गावं एकदम बंद पडायचं कारण केबलच्या मांडणीत आहे. मूळ योजनेत ती सरळ रेषेत गेली. एकच पूल असलेल्या रस्त्याचं जे होतं तेच इथे होतं: पूल गेला की पलीकडची सगळी गावं तुटली. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच केबलची वर्तुळं करायची आहेत, म्हणजे एका बाजूने तुटली तरी प्रकाश उलट्या बाजूने पोचेल. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. त्याहून महत्त्वाची वाटते ती कंत्राटाची नवी अट. ज्याने बांधायचं, त्यानेच पुढची दहा वर्षं ते चालवायचं आणि दुरुस्तही करायचं. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

तरीही एक अडचण उरते आणि ती डोंगराळ भागात सर्वांत जास्त टोचते. केबल येते पंचायत कार्यालयापर्यंत. धडगाव, अक्कलकुवा, धारणी किंवा भामरागड तालुक्यातली ग्रामपंचायत म्हणजे एक गाव नसतं. ओढ्यापलीकडे एक पाडा, डोंगराच्या कुशीत दुसरा, असा तिचा पसारा असतो. कार्यालयात शंभर एमबीपीएस आलं तरी वरच्या पाड्यावरच्या बाईच्या दिवसात त्याने फरक पडत नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस अॅपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणं सक्तीचं झालं. ज्या जागी नेट नाही तिथे हजेरी अडकते आणि हजेरी अडकली की मजुरी अडकते. नेट नसणं म्हणजे फक्त व्हिडिओ न दिसणं नव्हे. रेशन, पीकविमा, शिष्यवृत्ती हे सगळं नेटवर गेलं, पण पाड्याला नेटवर न्यायचं राहून गेलं. सेवा आधी ऑनलाइन करायची आणि जोडणी मागून द्यायची, हा क्रम मला अन्यायाचा वाटतो.

सुधारित योजनेत पंचायतीचं ठाणं नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांनाही मागणीनुसार जोडणी मिळायची आहे, आणि पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरजोडण्या द्यायच्या आहेत. मागणी केली तर मिळेल, असा याचा अर्थ, म्हणून ग्रामसभेत ठराव करून ती लेखी नोंदवावी. त्याच ठरावात ओएनटी चालू आहे का आणि बंद असेल तर तक्रार कोणाकडे करायची, हेही विचारून घ्यावं. घरापर्यंतचा शेवटचा टप्पा ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून स्थानिक मुलामुलींकडे सोपवायची व्यवस्था आहे. तेच जोडणी देतात, बिल गोळा करतात, दुरुस्ती बघतात आणि उत्पन्नात त्यांना वाटा मिळतो. मला यात सर्वांत जास्त आशा दिसते. नेट गेलं की लोक त्यांच्या दारात जाऊन उभे राहू शकतात; जिल्ह्याच्या ठिकाणच्या कंत्राटदाराच्या दारात कोण जाणार? बचत गटांनाही हे काम सहज पेलेल, मात्र स्प्लायसिंगचं प्रशिक्षण आणि मशीन तालुक्यातच मिळालं पाहिजे.

दोन पाड्यांच्या मध्ये खोल दरी असेल तिथे उद्यमीही केबल ओढू शकणार नाही. तिथे टेकडीवरून रेडिओ लहरींनी जोडणी न्यावी लागेल किंवा थेट उपग्रहाकडे वळावं लागेल. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी हातमिळवणी केली ती याच कारणाने. छतावरची ती थाळी चालते कशी आणि तिचं महिन्याचं भाडं पाड्यावर कोण भरणार, ते पुढच्या आठवड्यात.