सान हुआन पूर्वेकडून पाहावं
पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदराला पर्यटकांचं जहाज लागतं, तेव्हा प्रवाशांच्या हाती जेमतेम अर्धा दिवस असतो आणि तो ठरलेल्या वाटेने खर्ची पडतो: थेट पश्चिम टोकावरचा एल मोर्रो किल्ला, समुद्रावर झुकलेल्या टेहळणीच्या चौकीपाशी फोटो, निळसर फरसबंदीच्या गल्ल्या, जेवण, की परत जहाज. (अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा देशांतर्गत प्रवास, भारतातून जाणाऱ्याला मात्र अमेरिकेचाच व्हिसा काढावा लागतो, कारण १८९८ पासून हे बेट अमेरिकेकडे आहे.) वेळ इतका थोडा असेल, तर हा क्रम उलटा करावा, असं माझं मत आहे. आधी पूर्वेचा सान क्रिस्तोबाल किल्ला, मग शहर आणि अगदी शेवटी एल मोर्रो. यात सोयीचा भाग आहेच, पण खरं कारण या शहराच्या इतिहासात आहे.

स्पॅनिश लोकांनी १५२१च्या सुमारास एका अरुंद बेटावर हे शहर वसवलं आणि १५३९ मध्ये बंदराच्या तोंडावर एल मोर्रोचं काम सुरू केलं. शत्रू गलबतांतून येणार, म्हणजे तोफा समुद्राकडे हव्यात, हा त्यांचा हिशेब होता. १५९५ मध्ये तो बरोबरही ठरला. फ्रान्सिस ड्रेकला मार खाऊन परतावं लागलं. तीनच वर्षांनी कंबरलंडच्या अर्लने मात्र आपलं सैन्य पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरवलं, जमिनीवरून शहर घेतलं आणि एल मोर्रोला मागून गाठलं. किल्ला शरण आला. इंग्रजांना हाकललं ते तोफांनी नव्हे, आमांशाने. पुढे १७६२ मध्ये हवानाचा मोर्रोही असाच पडला: शेजारची उंच टेकडी इंग्रजांनी घेतली आणि तटाखाली सुरुंग उडवला. वसईचा वेढा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे नवं वाटायचं नाही. तिथेही पोर्तुगिजांची भिस्त पाण्यावर होती, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने जमिनीकडच्या बुरुजाखाली सुरुंग लावून वाट काढली. हवानाच्या धक्क्यानंतर स्पेनच्या राजाने पाठवलेला अलेहांद्रो ओरायली आणि इंजिनिअर तोमास ओदाली, दोघेही जन्माने आयरिश, सान हुआनच्या पूर्वेकडे वळले. त्यातून आजचा सान क्रिस्तोबाल उभा राहिला: एकामागे एक खंदक, बुरूज आणि सुटे मोर्चे, असे की पुढचा मोर्चा शत्रूने घेतला तरी मागच्या तोफा त्याच्यावर रोखलेल्याच. १७९७ मध्ये ॲबरक्रॉम्बीची इंग्रज फौज पुन्हा पूर्वेलाच उतरली. या किल्ल्यापर्यंत न पोचताच, पुलाजवळच्या पहिल्या फळीसमोर अडकून ती परत गेली.

यावर कोणी १६२५ दाखवील. त्या वर्षी डच आरमार एल मोर्रोच्या तोफांसमोरून सरळ बंदरात घुसलं आणि त्याने शहर जाळलं. खरं आहे, पण त्यामुळे माझा मुद्दा ढिला पडत नाही. डचांनीही मोर्रोला वेढा घातला तो शहराच्या बाजूनेच, आणि त्या दणक्यानंतरच शहराभोवती तट चढू लागला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: किल्ल्यांत दिवस घालवला तर माणसं कुठे दिसणार? उलट, ती पूर्वेच्या वाटेवरच भेटतात. शेजारच्या बेटांवरून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिश सरकारने स्वातंत्र्य दिलं, आणि त्यांची वस्ती झाली कांग्रेहोस इथे, म्हणजे नेमकी हल्ल्याच्या वाटेवर. १७९७ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय लोकांचं पथक लढलं. दुसरीकडे याच बेटावरची गुलामगिरी १८७३ पर्यंत चालली. हा विरोधाभास दरबारी औदार्याच्या गोष्टीत बसत नाही. नकाशा समोर धरला की लगेच बसतो. उत्तरेच्या तटाबाहेर, समुद्राच्या काठाला चिकटलेली ला पेर्ला ही वस्तीही तटावरूनच दिसते. आत कोणाला जागा होती, हे त्याच तटाने ठरवलं.

सोयीचं म्हणाल, तर जहाजांच्या धक्क्यावरून सान क्रिस्तोबाल जवळ, मोर्रो लांब. दोन्ही किल्ल्यांना एकच तिकीट चालतं. आधी कोलोन चौकात थांबावं. जमिनीकडचा सांतियागो दरवाजा इथेच होता, १८९७ मध्ये शहर वाढवण्यासाठी तो तटासकट पाडला. सकाळच्या उन्हात किल्ला, दुपारी सावलीच्या गल्ल्या आणि पोन्से दे लेओनची कबर असलेलं कॅथीड्रल. कॅथीड्रलला घाईत वीस मिनिटं पुरतात. शेवटी मोर्रोसमोरचं मोठं हिरवं मैदान लागतं. तिथे मुलं पतंग उडवतात. हे मैदान मोकळं राखलं ते शहराकडून चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून, आणि सकाळी सान क्रिस्तोबाल पाहून आलेल्याला किल्ल्याच्या त्या बाजूचा कोरडा खंदक आणि शहराकडे वळलेल्या तोफांच्या जागा कोणी दाखवाव्या लागत नाहीत.