पिनरचा मतदारसंघ कोण आखतो?

"ज्यांचं सरकार, त्यांचीच आखणी." मतदारसंघाच्या सीमांचा विषय निघाला की हे वाक्य लंडनमधल्या पिनरच्या मराठी मंडळींकडूनही ऐकू येतं. ही शंका आपण महाराष्ट्रातून बरोबर आणलेली असते आणि ती उगाच नाही. 2022 मध्ये राज्य सरकारने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून आपल्याकडे घेतले. त्याच सुमारास मुंबईचे 227 प्रभाग 236 झाले आणि सरकार बदलताच पुन्हा 227 वर आले.

इथे संसदेचे मतदारसंघ आखतं ते बाउंडरी कमिशन फॉर इंग्लंड. कॉमन्सचे सभापती त्याचे नामधारी अध्यक्ष असतात; काम पाहतात ते उपाध्यक्ष, म्हणजे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. कोणत्या वस्तीने कोणत्या पक्षाला मतं दिली, हे आयोग विचारातच घेत नाही.

मात्र आयोग स्वतंत्र होता म्हणून सगळं सरळ झालं, असंही नाही. 1944 च्या कायद्याने कायमस्वरूपी आयोग आले, पण शेवटचा शब्द संसदेकडेच राहिला. 1969 मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी शिफारशींचे आदेश सभागृहात मांडले आणि आपल्याच मजूर पक्षाच्या खासदारांना ते फेटाळायला सांगितलं. 1970 ची निवडणूक जुन्याच सीमांवर झाली. 2018 चा अहवालही अमलात आला नाही. ही पळवाट 2020 च्या कायद्याने बुजवली. आता अंतिम अहवालावर संसदेत मतदान होत नाही आणि आयोगाने सांगितल्याशिवाय सरकारला त्यात फेरफार करता येत नाही. आयोग कोण नेमतो यापेक्षा हा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. जागा किती आणि तफावत किती चालेल, हे नियम मात्र अजूनही संसदच करते.

दुसरा समज: पिनर हॅरोमध्ये, म्हणजे खासदारही हॅरोचाच. 2010 पूर्वी पिनर हॅरो वेस्टमध्ये होतं. तेव्हापासून ते रायस्लिप, नॉर्थवूड अँड पिनरमध्ये आहे आणि हा मतदारसंघ हिलिंग्डन व हॅरो अशा दोन बरोंमध्ये पसरलेला आहे. कारण आकड्यांचं आहे. 2023 च्या फेररचनेत, मोजके अपवाद सोडता, प्रत्येक मतदारसंघात 69,724 ते 77,062 मतदार बसवणं बंधनकारक होतं. सीमा हलली तरी कौन्सिल टॅक्स किंवा पोस्टकोड बदलत नाही.

तिसरा समज: "हरकत नोंदवून काय होणार?" त्या फेररचनेत आयोगाने लोकांची मतं ऐकून सुरुवातीच्या जवळपास निम्म्या प्रस्तावांत बदल केले. अमुक पक्ष हरेल, हा मुद्दा तिथे चालत नाही. मुलांची शाळा, बाजार, रेल्वेमार्ग यांनी कोणत्या वस्त्या जोडल्या किंवा तोडल्या आहेत, हे नेमकं लिहिलं तर चालतं.

सगळ्यांत नुकसान करणारा समज शेवटचा: "आमचा पासपोर्ट भारतीय, आमचा काय संबंध?" भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे इथे कायदेशीर राहणारे प्रौढ भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात आणि संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतात. अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिलं म्हणून अर्ज बाद होत नाही. आणि आयोग डोकी मोजत नाही, यादीतली नावं मोजतो. 2023 च्या अहवालासाठी 2 मार्च 2020 ची मतदारयादी धरली होती. त्या दिवशी यादीत नसलेलं माणूस पिनरमध्ये राहत असूनही हिशेबात आलं नाही. 2020 च्या कायद्याप्रमाणे पुढचा अहवाल ऑक्टोबर 2031 पूर्वी यायचा आहे आणि त्याचा हिशेबही मतदारयादीवरूनच होईल.