पोटुशीचा ताप

सुगीचे दिवस असतात. घरात पोटुशी सून असते. तिला सणकून ताप येतो. सासूबाई म्हणतात, "येतो तसा जाईल. आमच्या वेळी नव्हता का येत?" सूनही काही बोलत नाही. ती पदर खोचते आणि भाकरी थापायला बसते. मैंदर्गीत कुणाच्या घरी मराठी चालते, कुणाच्या घरी कानडी. पण ताप अंगावर काढण्यात दोन्ही घरं सारखीच!

तुम्ही म्हणाल, ताप आईला आला. पोटातल्या लेकराचा त्यात काय संबंध? संबंध आहे. तो कसा, ते पाहू.

आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरचा जंतू अंगात शिरला की ते त्याच्यावर तुटून पडतात. एक राखणदार दुसऱ्याला निरोप धाडतो, दुसरा तिसऱ्याला. हे निरोप म्हणजे रक्तातून वाहणारे पदार्थ. त्यांच्यामुळं अंग तापतं, हातपाय मोडून येतात. म्हणजे ताप ही आपल्या शरीराची लढाई असते. ती लढाई हवीच. नाहीतर जंतू आपल्याला खाऊन टाकतील.

आता असं समजा, तुमच्या रानात ज्वारी उभी आहे. कडेला कांद्याच्या रोपाचा वाफा आहे. रात्री ज्वारीत बैल शिरला. राखणदार काठ्या घेऊन धावले. बैल वाफ्यात गेलाच नाही. पण धावणाऱ्यांचे पाय वाफ्यात पडले. काही रोपं वाकली, काही मोडली.

पोटातल्या बाळाचा मेंदू हा असाच कोवळा वाफा आहे. त्यात पेशी तयार होतात. त्या आपापल्या जागी जाऊन बसतात. मग एकमेकींना जोडल्या जातात. आईच्या अंगात फार मोठी लढाई झाली, तर तिची धग वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकते. मग मेंदूच्या या कामात कुठं कुठं गडबड होते.

हे कळलं कसं? अमेरिकेत पॉल पॅटरसन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाभण माद्यांना एक औषध टोचलं. त्यात जिवंत जंतू नव्हता. पण शरीराला वाटावं की जंतू आला आहे. राखणदार उठले, लढाई सुरू झाली. पुढं त्या माद्यांची पिल्लं वेगळी निघाली. ती दुसऱ्या उंदरांत नीट मिसळत नसत. मग त्यांनी इंटरल्यूकिन-6 नावाचा एकच निरोप वाटेत अडवला. तेव्हा पिल्लं चांगली निघाली. ही गोष्ट 2007 सालची. जंतू नसतानाही नुसत्या लढाईनं बिघाड होतो, हे तिथं दिसलं.

काही वेळा मात्र बैल थेट वाफ्यातच शिरतो. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, हा तसा आजार आहे. आईला थोडा ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, तीन दिवसांत ती बरी होते. बाळाचं मात्र मोठं नुकसान होतं. 1941 साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे ओळखलं. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसत होते. त्यांच्या आयांना पहिल्या महिन्यांत जर्मन गोवर झाला होता. पुढं 1964-65 साली अमेरिकेत याची मोठी साथ आली. सुमारे 20,000 मुलं अधू जन्मली. कुणी बहिरी, कुणाचं हृदय अधू, कुणाचा मेंदू.

आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम झाली. 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलामुलींना शाळाशाळांतून सुई टोचली. तेव्हा काही आईबाप मुलांना घरी ठेवत होते. आजच्या मुली उद्याच्या आया. त्यांना ही सुई लहानपणीच मिळायला हवी, कारण गरोदरपणात ती देत नाहीत.

हे वाचून कुणी घाबरू नये. ताप आलेल्या बहुतेक आयांची मुलं धडधाकट जन्मतात. उंदराची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही. मूल मंद किंवा स्वमग्न होण्याला इतर कारणंही असतात. आणि एखाद्या घरी असं मूल झालंच, तर सुनेला बोल लावू नये. "गिरणात विळी धरली असशील," असं म्हणणारे अजून आहेत. गिरणाचा यात काही संबंध नाही. आम्ही मास्तरांनी तरी काय केलं? अशा पोराला 'ढ' म्हणून मागं बसवलं. ती आमची चूक होती.

पोटुशीला ताप आला, लघवीला जळजळ झाली, थंडी वाजून आली, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगावं. तापाची गोळी दुकानातून मनानं आणू नये, दवाखान्यात विचारून घ्यावी. ताप लवकर उतरवावा आणि रक्त तपासून घ्यावं. घरात डासांपासून जपावं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते. जायला गाडी नसेल तर 102 नंबरला फोन करावा.