लाळ तपासताना आधी हिरड्या पाहा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे 2023 मध्ये आले: 10.1 कोटी मधुमेही आणि आणखी 13.6 कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या देगलूर तालुक्यात अशा माणसांना वेळीच गाठायचं, तर सुई न टोचता थोड्याशा लाळेवर होणारी तपासणी कुणालाही हवीशी वाटेल. नागपूरच्या ‘नीरी’ने कोरोनासाठी विकसित केलेल्या गुळण्यांच्या चाचणीला याच परिषदेने मे 2021 मध्ये मान्यता दिली होती, त्यामुळे आशा आणखी वाढते. पण विषाणू घशातच मुक्कामाला असतो. चयापचयाच्या बिघाडाची खूण बहुधा रक्तातून लाळेत उतरावी लागते, आणि ती किती उतरते यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून लाळेची चाचणी आधी इथल्याच तोंडांवर पारखून घेतली पाहिजे; नाहीतर रक्तातल्या बिघाडाच्या नावाखाली आपण हिरड्यांचं दुखणं मोजत बसू.

कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक मेदात विरघळतं, पेशींमधून सहज पार होतं; म्हणून रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतलं कॉर्टिसॉल कुशिंग विकाराच्या निदानासाठी डॉक्टर वापरतातच. यूरिक आम्लाचंही रक्ताशी बऱ्यापैकी जुळतं. साखरेचं तसं नाही. रक्तात उपाशीपोटी डेसिलिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असणारी साखर लाळेत जेमतेम एखादा मिलिग्रॅम असते, आणि तोंडातले जिवाणू तीही खातात. दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि आकाराने इतकं मोठं असतं, की लाळेत त्याचा अगदी थोडा अंश पोचतो. हिरडीतून रक्त येत असेल तर मात्र ते वाढलेलं दिसतं, मग शरीरात दुसरीकडे कुठे दाह असो वा नसो. खरी अडचण इथे आहे. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे एक चतुर्थांश प्रौढांना बिनधुराच्या तंबाखूची सवय आढळली. तंबाखू आणि मिसरीने सोललेल्या तोंडातली लाळ परदेशातल्या निरोगी हिरड्यांवर बेतलेल्या मोजपट्टीने कशी वाचायची?

मग लाळ सोडूनच द्यावी, असा निष्कर्ष कुणी काढेल. मला तो पटत नाही. हिरड्यांचा दाह आणि मधुमेह यांचं नातं दुहेरी आहे: साखर वाढली की हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. कोक्रेनच्या 2022 च्या आढाव्यात हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा अंदाज) सरासरी 0.43 टक्क्यांनी उतरलं. म्हणजे ज्याला गोंगाट म्हणून गाळायला निघालो, तोच उपचार करण्याजोगा आजार आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या माणसाची साखर बघतात आणि मुखकर्करोगासाठी तोंडही उघडायला लावतात. त्याच बैठकीत हिरड्यांची नोंद का होऊ नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बोटाला टोचून साखर मोजणं स्वस्त आहे, मिनिटभरात होतं, मग लाळ कशाला? साखरेपुरतं हे मान्य करायलाच हवं. तिथे लाळेने रक्ताशी स्पर्धा करू नये. पण टोचून मिळते ती त्या घटकेची साखर. तीन महिन्यांचा अंदाज देणारं एचबीएवनसी लोहाच्या कमतरतेत फसवं वाढतं, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे. साखर चढण्याआधीच्या खुणा, विशेषतः मुलांमध्ये आणि पुन्हा पुन्हा, बघायच्या असतील तर लाळ उपयोगी पडू शकते. तीही फक्त चाळणी म्हणून, म्हणजे पुढे कुणाचं रक्त घ्यायचं हे ठरवण्यापुरती.

त्यासाठी नमुना नीट हवा. तासभर चहा-तंबाखू बंद, साध्या पाण्याने चूळ, दहा मिनिटांनी मान खाली घालून लाळ आपोआप नळीत गळू द्यायची, थुंकायचं नाही. आणि नळी लगेच बर्फात, कारण मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हात प्रथिनं तग धरत नाहीत. लसींसाठी गावोगाव फिरणारी शीतपेटी या कामी येईल. जिल्ह्यातल्याच विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने दंतवैद्यांना सोबत घेऊन देगलूरच्या गावांत एकाच सकाळी लाळ, रक्त आणि हिरड्यांची तपासणी करावी, तंबाखू खाणारे आणि न खाणारे वेगळे मांडावेत, आणि इथली मोजपट्टी हाती येईपर्यंत लाळेच्या कुठल्याही तयार संचावर सरकारी पैसा खर्च करू नये.