संवादिनीच्या पट्ट्यांची जुळणी

संवादिनीच्या (पेटी, हार्मोनियम) पट्ट्या एका पातळीत आणणे व त्यांचा दाब सारखा करणे हा या वाद्याच्या दुरुस्तीतील नाजूक भाग आहे. पियानोत पट्टीच्या आधाराखाली कागदाच्या चकत्या घालून तिची उंची बदलता येते, आणि त्यामुळे सूर बिघडत नाही. संवादिनीत मात्र पट्टी हीच हवेची झडप असते. पट्टीच्या मागील टोकाखाली नमदा व चामडे चिकटवलेले असून तारेच्या स्प्रिंगमुळे ते रीडवरील छिद्रावर दाबून बसते. चामडे झिजून दबले की मागील टोक खाली जाते आणि समोरची बाजू वर येते. चामडे फुगले की याच्या उलट घडते.

अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या वऱ्हाडातील गावांत हा दोष ऋतूबरोबर बदलतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो व लाकूड आकसते; पावसाळ्यात ते फुगून शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात. ऐन श्रावणात, भजनी मंडळांची पेटी रोज वाजत असताना, अडकलेली पट्टी पॉलिशपेपरने घासण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण घासलेले लाकूड परत येत नाही आणि उन्हाळ्यात तिथे फट दिसते. अशा वेळी पेटी आधी कोरड्या खोलीत काही दिवस ठेवून पाहणे इष्ट ठरते.

घरगुती साधने

पातळी तपासण्यासाठी पोलादी फूटपट्टी पांढऱ्या पट्ट्यांवर आडवी धरतात. तिच्याखालील फट मोजण्यास पत्त्यांच्या कॅटातील पान उपयोगी पडते. त्याची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर असते. स्प्रिंग उचलण्यासाठी सायकलच्या स्पोकचे टोक वाकवून आकडा करता येतो. दाबाची तुलना नाण्यांनी होते: पट्टीच्या टोकाशी एकसारखी नाणी एकावर एक ठेवून ती किती नाण्यांना खाली जाते ते मोजतात.

उंच राहिलेली पट्टी खाली आणण्यासाठी लाकूड व नमदा यांच्यामध्ये कागदाचा थर संपूर्ण रुंदीभर चिकटवावा लागतो. तो एकाच कडेला घातल्यास झडप तिरपी बसते, हवा गळते आणि पट्टी न दाबताही तो सूर वाजत राहतो. म्हणून शेवटी पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी झडपेच्या चारही कडांखाली आळीपाळीने सरकवून हलकेच ओढतात. ज्या कडेला कागद सैल निघतो, तिथे चामडे टेकलेले नसते.