प्रश्न विचारणाऱ्या ग्वेन आयफिल

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर उमेदवारांचे वादविवाद सुरू होतात. आपलं सगळं लक्ष उत्तरं देणाऱ्यांकडे असतं. पण समोर बसून प्रश्न कोण विचारतं? ते काम राजकीय पत्रकाराचं. आज आपण अशाच एका पत्रकाराची ओळख करून घेऊ.

ग्वेन आयफिल यांचा जन्म १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यांचे वडील पनामाहून आणि आई बार्बाडोसहून अमेरिकेत आली होती. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच हे परदेशातून आलेलं घर! घरातले सगळे एकत्र बसून टीव्हीवरच्या बातम्या बघत. छोट्या ग्वेनला तिथूनच बातम्यांची गोडी लागली.

कॉलेजात असताना त्या बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात काम शिकत होत्या. एके दिवशी त्यांना तिथे एक चिठ्ठी सापडली. रंगावरून शिवी देऊन तिच्यात लिहिलं होतं, 'घरी जा.' ग्वेन यांनी ती चिठ्ठी वरिष्ठांना दाखवली. पण त्या घरी गेल्या नाहीत. १९७७ मध्ये शिक्षण संपल्यावर त्याच वर्तमानपत्रात त्यांना नोकरी मिळाली. सुरुवातीला त्यांनी खाद्यपदार्थांवरही लिहिलं! पुढे मोठ्या वर्तमानपत्रांसाठी त्यांनी राजकारणाच्या बातम्या दिल्या आणि १९९४ मध्ये त्या टीव्हीवर आल्या.

२००४ साली उपराष्ट्रपतिपदाच्या दोन उमेदवारांचा वादविवाद झाला. डिक चेनी आणि जॉन एडवर्ड्स यांना प्रश्न विचारायचं काम ग्वेन यांच्याकडे होतं. असे प्रश्न उमेदवारांना आधी कळत नाहीत. त्यांनी एड्सबद्दल विचारलं. चीन किंवा आफ्रिकेतल्या नाही, अमेरिकेतल्याच एड्सबद्दल. २५ ते ४४ वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रिया या आजाराने इतर स्त्रियांच्या १३ पट जास्त मरतात, मग सरकारने काय करावं? चेनी म्हणाले, हे आकडे मी ऐकलेले नाहीत. एडवर्ड्स आफ्रिकेबद्दल बोलू लागले. दोघांकडेही नीट उत्तर नव्हतं. पण ज्या स्त्रियांबद्दल कुणी बोलत नव्हतं, त्यांची गोष्ट त्या रात्री लाखो घरांत पोचली.

चांगला प्रश्न विचारायला आवाज चढवावा लागत नाही. आधी अभ्यास करावा लागतो.

२०१३ मध्ये ग्वेन आणि जूडी वुडरफ मिळून संध्याकाळच्या बातम्या देऊ लागल्या. देशभर दिसणाऱ्या अशा कार्यक्रमात दोन स्त्रियांची जोडी अमेरिकेत प्रथमच आली. २०१६ मध्ये कर्करोगाने ग्वेन यांचं निधन झालं. २०२० साली त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. ज्यांना 'घरी जा' म्हटलं होतं, त्यांचं चित्र आता पत्रांबरोबर घरोघरी जाऊ लागलं.

शब्दार्थ
उमेदवार – निवडणुकीला उभी राहिलेली व्यक्ती
वरिष्ठ – कामावरचे मोठे अधिकारी

विचार करा आणि सांगा
१. उत्तर मिळालं नाही, तरी ग्वेन यांचा प्रश्न महत्त्वाचा का होता?
२. तुमच्या गावच्या नेत्याला तुम्ही कोणता प्रश्न विचाराल? त्याआधी कोणती माहिती गोळा कराल?