तिळाचे लाडू चिकट का होतात?



गेल्या जानेवारीत आपल्या एका गटाने तिळाच्या लाडवांची ऑर्डर घेतली होती. सकाळी लाडू कुरकुरीत, संध्याकाळी पिशवीत सगळ्यांचा मिळून एक गोळा! निम्मा माल परत आला. कर्जाचा हप्ता मात्र भरावाच लागला. म्हणून संक्रांतीच्या आधीच हा विषय घेतेय.

त्या ताईंच्या हातात काही कमी नव्हतं. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. उत्तन, पाली, चौक म्हणजे समुद्र दारात, थंडीतही हवा दमट. सोलापूरच्या मावशीचे लाडू उघड्या ताटात टिकतात, आपले नाही टिकत.

लाडवांना चिक्कीचा गूळ घ्या. पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाका. बोटाने दबला तर थांबा. कडक गोळी झाली आणि ताटात टाकल्यावर टणकन वाजली, की गॅस बंद. पाक कच्चा राहिला तर लाडू मऊच पडणार. तीळ मंद आचेवर, तडतडेपर्यंत भाजा. तिळात जवळपास निम्मं तेल असतं, त्यामुळे जुना तीळ खवट होतो. विकत घेताना चिमूटभर चावून बघा, दुकानदार काय म्हणेल ते म्हणू दे.

आणि खरी चूक इथे झाली होती: टेम्पो आला म्हणून लाडू कोमट असतानाच पिशवीत भरले. आत वाफ धरली, तिचं पाणी झालं, ते गुळाने घेतलं. लाडू पूर्ण गार होऊ द्या, पण रात्रभर उघडे ठेवू नका. गार झाले की लगेच पिशवी सील करा.

किंमत ठरवताना तीळ, गूळ, शेंगदाणे, गॅस, पिशवी सगळं धरता, स्वतःची मजुरी विसरता. चार जणींची अख्खी दुपार जाते, ती लिहा वहीत! पिशवीवर तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआय नोंदणीचा क्रमांकही हवा.

आपल्याकडे नाताळच्या कुलकुल, नेवऱ्या संपतात न संपतात तोच भोगी येते, त्यामुळे डिसेंबरपासूनच गिऱ्हाईक विचारायला लागतं. नवीन गटांनी आधी अर्ध्या किलो तिळाचेच लाडू करा, सील करून आठवडाभर घरात ठेवा. आठव्या दिवशी फोडून खा, मगच ऑर्डरला हो म्हणा.